कपाळ आणि पंखा

लहान मुलांना मोबाइलवरच्या भामट्यांपासून वाचवायला आमच्या कॉलनीनं एक समिती काढली. तिला आजवर एकच संशयित सापडला आहे. तो समितीचा अध्यक्ष निघाला. अध्यक्ष मी.

दर्यापूरच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालो, अमरावतीत घर बांधलं आणि लवकरच बायको गेली. मुलगा मंगेश नोकरीनं अकोल्याला. अकोला काही लांब नाही. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, की आलंच. पण बोलावल्याशिवाय जायचं कसं? मंगेशला वाटे बाबांना कामं असतील, आणि मीही ऐटीत सांगायचो, "लई कामं हायेत बापा." (कामं म्हणजे दूध तापवणं आणि ते उतू गेलं की ओटा पुसणं.) दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच, सहा वर्षांची नात पिऊ. तिच्याशी रोज साडेसातला व्हिडिओ कॉल. तेवढ्यासाठी मी संध्याकाळी दाढी करायचो. ती फुकट जायची, कारण मला फोन धरता येत नाही. पिऊला फक्त माझं कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसायचा.

एक दिवस शेजारचे गावंडे आले. "सर, पोट्टे दिवसभर मोबाइलात मुंडकं खुपसून बसतात. तुमी मास्तर हाये. बोला न काही."

बोला! कित्येक महिन्यांत मला कोणी बोला म्हटलं नव्हतं. मंदिराच्या सभामंडपात सभा भरली, नगरसेवकही आले आणि मी सुटलो. "सरकार कायदा करन तवा करन, आपण आजपासून करू. सातनंतर घरात एकही स्क्रीन चालू नको. अनोळखी नंबरवरून कोणी आला त बोलायचं नाही. आन् पोट्टेहो, भामटे आता आवाजाची नक्कल करतात. उद्या कोणी तुमच्या आबाजीचा आवाज काढून लाडात आला, तरी भुलू नका. फोन कापा आन् टीचरले सांगा." टाळ्या पडल्या, मी अध्यक्ष झालो, आणि गावंड्यांनी अख्ख्या भाषणाचा व्हिडिओ काढला. मोबाइलवरच.

तो व्हिडिओ फिरत फिरत अकोल्याला पिऊच्या शाळेत पोचला. मंगेशचा फोन आला. "बाबा, शाळेनं तुमचे नियम जसेच्या तसे लागू केले. पोरांनी शपथ घेतली."

माझी छाती फुगली. त्या दिवशी जरा जास्तच घोटून दाढी केली आणि साडेसातला कॉल लावला. मंगेशनं उचलला. मागून पिऊचा आवाज आला, "बाबा, सात वाजून गेले. बंद कर."

"अवं माय, मी आबाजी हावो."

"आबाजींनीच सांगितलंय," ती म्हणाली. अध्यक्षानं मुकाट्यानं फोन ठेवला.

मंगेश आणि सून दोघंही सातला घरी येतात. म्हणजे सातच्या आधी घरात फोन नाही, आणि सातनंतर फोनला परवानगी नाही. चार दिवस मी हसून गंमत सांगत फिरलो. मग दाढी सोडली. घर इतकं गप्प झालं की एकदा साडेसातला मीच पंख्याकडे बघून "जेवली काय वं?" विचारलं. पंखा काही बोलला नाही, पण मी स्वतःलाच भ्यालो.

त्यात माझा फोन दुधाच्या पातेल्यात पडला. शनिवारी मंगेशला सुटी असते म्हणून मी दुपारी गावंड्यांकडे गेलो आणि त्यांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. मंगेश झोपला होता. पिऊनं उचलला आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"पिऊ, माय, आबाजी हावो न मी."

"आबाजींचा पंखा पांढरा आहे. हा चॉकलेटी आहे."

"हे गावंडे काकाचं घर हाये."

"तुम्ही आवाज काढून राहिले," ती म्हणाली आणि फोन कापला. पण त्याआधी तिनं स्क्रीनशॉट घेतला. तोही शाळेनंच शिकवला होता. सुनेनं अर्धवट झोपेत तो पालकांच्या ग्रुपवर टाकला. कपाळावरून सासरा ओळखायची तिला सवय नव्हती.

संध्याकाळपर्यंत तो आमच्या कॉलनीत येऊन धडकला. गावंडे धापा टाकत आले. "सर, बैठक लावा. एक टकला भामटा अकोल्याच्या पोट्ट्यायले फोन करून राहिला. हा पाहा नंबर." त्यांनी नंबर मोठ्यानं वाचायला घेतला आणि मधेच थांबले. "सर, हा नंबर त माहा हाये." मग त्यांनी फोटोतला पंखा नीट पाहिला. मग माझं कपाळ पाहिलं. समितीचा तपास तिथंच संपला.

रविवारी मी अकोल्याची बस पकडली. बोलावलं नव्हतं, तरी गेलो. आता कसली लाज. पोचलो तर दार साखळीपुरतंच उघडलं.

"कोण?"

"आबाजी."

"खाली वाका."

मी वाकलो. फटीतून एक लहानसं बोट आलं आणि माझ्या कपाळावरून फिरलं. मग आतून आवाज आला, "आई, खरे आबाजी आहेत. पंखा नाही आणला."

साखळी निघाली. मंगेश म्हणाला, "बाबा, यायच्या आधी फोन तरी करायचा."

"केलता," मी म्हटलं. सून पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मंगेशचे कान लाल झाले. तो हळूच म्हणाला, "मले वाटे तुमाले कामं असतात."

"मले वाटे तुमाले असतात," मी म्हटलं.

सात वाजले. पिऊनं टीव्ही बंद केला, आईबापाचे फोन कपाटात टाकले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. "आता बोला आबाजी. सगळं बोला."

"जेवली काय?"

"अजून नाही."

"शाळेत गेलती काय?"

"आज रविवार आहे."

माझा साठा संपला. फोनवर इतक्यात रेंज जायची आणि मी कंपनीला शिव्या द्यायचो. कंपनी माझी अब्रू वाचवत होती, हे आता कळलं. पिऊ गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत होती. ज्या बोलण्यासाठी इतके दिवस तळमळलो, ते समोर बसलं होतं आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी समितीच्या अध्यक्षानं इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला.

"पिऊ, माय, थोडा वेळ टीव्ही लावतं काय?"

तिनं माझ्या कपाळाकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "टीचरला सांगीन."