बोटीचा भरवशाचा मेकॅनिक

ताज्या चंदेरी रंगाचा वास आला की आजही मला तो पूर आठवतो. पंचगंगेकाठच्या आमच्या गावात पुरातली माणसं काढायला तरुण मंडळाची इंजिनाची बोट आहे. कोल्हापुरात ट्रॅक्टरचे मेकॅनिक गल्लोगल्ली, पण बोटीचा शोधताना नाकी नऊ आले. शेवटी सगळ्यांनी एकच भरवशाचा माणूस सांगितला. आम्ही आणून दिलेला नवा कार्बोरेटर बसवायला त्यानं इंजिन आपल्या शेडमध्ये नेलं. परत आणलं त्या दिवशी आमच्याकडं मटण-भाकरी चापून म्हणाला, "पावणं, आता समुद्रात न्या की, बंद पडायची न्हाय." त्याच पावसाळ्यात एका बाळंतिणीला तान्ह्या बाळासकट आणताना भर प्रवाहात इंजिन बंद पडलं. गढूळ पाण्यावर उसाचे शेंडे तेवढे दिसत होते. बोट वाहत जाऊन बाभळीत अडकली म्हणून वाचलो. ती बाई बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती. काठाला आल्यावर झाकण उघडलं, तर आत आमचाच जुना कार्बोरेटर, वरून चंदेरी रंग फासलेला! नवा त्यानं ढापला होता. फोन केला तर म्हणतो, "पोचलासा न्हवं? मग बोंबलताय कशाला?" पूर ओसरल्यावर मदत करणाऱ्यांचा सत्कार झाला, त्यात बोट चालू ठेवल्याबद्दल त्यालाही शाल-नारळ. मी उभा राहून सगळं सांगितलं. सरपंच खाली बघत म्हणाले, "ठावं हाय वो. पण दुसरा मिळतोय कुठं?" आजही बोटीला हात लावायला तोच येतो. त्याच्या हातात चहाचा कप देताना मला त्याच्यापेक्षा आमचीच जास्त किळस येते.