दोन ब्रेकची गाडी

ब्रेकबाईंना खरं नाव होतं, पण ते लायसन्सवरच राहिलं. निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं त्यांनी. शेजारच्या सीटवरून "ब्रेक!" म्हणून अशा ओरडायच्या, की रस्त्यापलीकडचा सायकलवालासुद्धा पाय टेकायचा. पुढे वय झालं, ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, पाटी उतरवली. पण शिकवायची गाडी काही विकली नाही. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा ब्रेक होता. तोही त्यांनी तसाच ठेवला.

आता बाई सत्तरीच्या पुढे गेलेल्या. मागच्या महिन्यात धुक्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली आणि मुलाला आयतंच निमित्त मिळालं. ऊठसूट एकच विषय, गाडी विकून टाक. जेवताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. शेवटी बाईंनीच वैतागून शब्द दिला, "या हिवाळ्यात गाडीनं एकदा जरी दगा दिला, तर किल्ली तुझ्या हातात. मग विक, नाहीतर भंगारात घाल."

शब्द देताना बाईंना कसलीच धास्ती नव्हती. गाडी ओळखीची आणि थंडी तर त्याहून जुनी ओळखीची!

आणि आज नेमकी हाडं गोठवणारी थंडी. थोरल्या बहिणीला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. बाईंनी काचेवरचा बर्फाचा पापुद्रा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढला, सीटवर बसल्या आणि किल्ली फिरवली.

काही नाही. ना आवाज, ना दिवा.

खोटं कशाला सांगा, बाई घाबरल्याच. ही किल्ली गेली की बहिणीकडे जायला विचारायचं, बाजारात जायला विचारायचं, साधं नदीवर हवा खायला जायचं तरी कुणाच्या तरी सवडीनं. बाईंनी आयुष्यात कुणाला 'मला सोडतोस का' म्हटलेलं नव्हतं.

"नाही होत ना सुरू?" मुलगा दारातून म्हणाला. सुट्टीच्या दिवशी एरवी हाका मारून मारून घसा बसतो तेव्हा उठणारा हा, आज अंघोळ करून, स्वेटर घालून, चहाचा कप घेऊन उभा. "जाऊ दे आई. मी टॅक्सी बोलावतो."

"तुझी मावशी टॅक्सीत बसते का? बसली की ओकते."

समोरचा बेकरीवाला दुकान उघडता उघडता थांबला. "बाई, पेट्रोल संपलं असेल!"

"तू गप रे! तुला गाडी मागे घ्यायला चार परीक्षा लागल्या. पेट्रोल नसलं तर दिवे जातात होय?"

बेकरीवाला हसत हसत आत पळाला. बाईंनी हेडलाइटचं बटण दाबलं. अंधार. हॉर्न दाबला. मुका. आणि तिथेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. थंडीनं गारठलेली बॅटरी अशी वागत नाही. ती कण्हते, कुरकुरते, दिवे मिणमिणते का होईना लावते. काल संध्याकाळी ठणठणीत असलेली बॅटरी एका रात्रीत मुकी होते म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय.

"नसता उद्योग कशाला? गारठशील," मुलगा म्हणाला आणि कानाची पाळी चोळायला लागला.

बाईंनी बॉनेट उघडलं. बॅटरीची तार हातात धरली आणि ती सरळ उचलून आली. नट नुसत्या बोटानं फिरत होता. मागच्या आठवड्यात हाच नट त्यांनी पान्यानं आवळला होता, गंज चढू नये म्हणून वर पेट्रोलियम जेली फासली होती. त्या जेलीत आता एका अंगठ्याचा ठसा होता, चांगला रुंद. बाईंचा अंगठा त्यात दोनदा मावला असता.

थंडी बॅटरी मारते. नट सोडवायला तिला हात नसतात.

बाईंनी मागे वळून पाहिलं. मुलगा अजून कान चोळत होता. पहिलीत असताना पेन्सिल हरवली की असाच चोळायचा. बाईंना सणकून राग आला. पण आधी डिकीतून पाना काढला. तार बसवली, नट करकचून आवळला आणि पुन्हा किल्ली फिरवली.

घर्र... घर्र... आणि बंद.

आता ही मात्र खरी थंडी. नवशिके इथेच चुकतात, किल्ली पिळत बसतात आणि बॅटरीचा जीव घेतात. बाईंनी पंखा बंद केला, दिवे बंद केले, हात मांडीवर ठेवून गाडीला दम घेऊ दिला. मग क्लच पूर्ण दाबून किल्ली फिरवली. गाडी खोकली, हिसडा दिला आणि धूर सोडत सुरू झाली.

"शाब्बास गं माझी बाय!" बाई ओरडल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "कप ठेव. ये, बस."

"कुठे?"

"माझ्या जुन्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या."

तो मुकाट्यानं शेजारच्या सीटवर येऊन बसला. बाई गाडी गरम होऊ देत होत्या. मग तोच म्हणाला, "मी सैल केला."

"माहीत आहे. ठसा सोडून गेलास, शहाण्या."

"मला भीती वाटते गं. तू गाडी घेऊन गेलीस आणि इकडे फोन वाजला, की उचलायला हात धजत नाही."

बाईंचा राग तिथेच निम्मा उतरला. "मग भीती वाटते म्हणायचं. आईशी चोरी कसली? खांबाला घासली तेव्हा मीही घाबरले होते, तुला सांगितलं नाही एवढंच. तुझ्या पायाशी ब्रेक आहे. माझं चुकतंय वाटलं, की दाब. पण माझ्या तारेला पुन्हा हात लावलास, तर या वयातही कान पिळीन."

गाडी रस्त्याला लागली. चौकात दिवा लाल झाला. मुलाचा पाय चटकन ब्रेककडे गेला, पण गाडी आधीच थांबत आली होती.

"आणि आपलं ठरलेलं?" त्यानं हळूच विचारलं. "किल्लीचं?"

"गाडीनं दगा दिला तर, असं ठरलं होतं," बाई समोर बघतच म्हणाल्या. "गाडीनं कुठे दिला?"

दिवा हिरवा झाला. मुलानं पाय मागे ओढला आणि सीटखाली घेतला.