वहीवालीचे सतरा प्रयोग

विद्यार्थी त्यांना पाठीमागे गंजसर म्हणत आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं. तीस वर्षं लोखंडाचे क्षार हाताळून त्यांच्या नखांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, आणि कुठलाही पांढरा शर्ट त्यांच्या अंगावर महिनाभर धड राहत नसे. बायको होती तोवर ती लिंबाची फोड घेऊन त्या डागांच्या मागे लागायची. "अहो, शाळेतल्या पोरांचे शर्ट परवडले," म्हणायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता डाग तसेच राहत.

सरांच्या नावावर उभ्या आयुष्यात एकच मोठा शोध होता. कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडायच्या तर पॅलेडियम नावाचा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून लागतो. उत्प्रेरक म्हणजे सगळं घडवून आणून स्वतः नामानिराळा राहणारा. हेच काम साधं लोखंड करतं, असं सरांनी दाखवून दिलं. निबंध छापून आला तेव्हा दूरदूरहून पत्रं आली, व्याख्यानांची बोलावणी आली आणि सर प्राध्यापक झाले. पुढे कुणीकुणी कळवलं, आमच्याकडे हे जमत नाही. सर म्हणाले, द्रावकातला ओलावा नीट काढत नसतील. हळूहळू पत्रंही थांबली. भांडायलाही कोणी उरलं नाही, आणि सरांना त्याचंच जास्त लागलं.

आता निवृत्ती झाली होती. नवे विभागप्रमुख वयाने पोरसवदा आणि तोंडाचे गोड. "सर, घाई मुळीच नाही," ते म्हणाले, "फक्त शुक्रवारपर्यंत खोली मोकळी झाली म्हणजे झालं."

सोमवारी सरांनी कपाटं रिकामी करायला घेतली आणि दुपारी त्यांना वाटलं, जाण्याआधी आपला प्रयोग एकदा आपल्याच हाताने करावा. सगळं होतं, फक्त बीड नव्हती. बीड म्हणजे फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरून द्रव ढवळणारी चुंबकाची कांडी, बोटाच्या पेराएवढी, वरून पांढऱ्या आवरणाची. सरांची बीड त्यांच्या गुरूंच्या प्रयोगशाळेतली. तिथून निघताना आठवण म्हणून त्यांनी ती खिशात टाकली होती, आणि पहिला प्रयोग तिच्यावरच यशस्वी झाला होता. तेव्हापासून लोखंडाच्या प्रयोगाला सरांचीच बीड वापरायची, असा अर्ध्या थट्टेतला, अर्ध्या श्रद्धेतला नियम पडून गेला. वर्षानुवर्षं फिरून ती ओरखड्यांनी करडी झाली होती. सरांनी सगळ्यांत आधी तीच घरी नेऊन ठेवली होती. म्हणून त्यांनी पाकीट फोडून नवी बीड घेतली.

चार तासांनी पट्टीवर थेंब ठेवून त्यांनी ती दिव्याखाली धरली. नवा ठिपका उमटलाच नव्हता, म्हणजे कड्या जुळल्याच नव्हत्या. म्हातारे झालो, माप चुकलं असेल, असं म्हणून मंगळवारी पुन्हा केलं. तेव्हाही काही नाही. बुधवारी सकाळी त्यांनी घरून जुनी बीड आणली, आणि दुपारी पट्टीवर फिकट का होईना, ठिपका आला.

सर स्टुलावर बसले ते बसलेच.

नंतर त्यांनी ती बीड आम्लात धुतली आणि ते आम्ल धातू मोजणाऱ्या यंत्रावर लावलं. यंत्राने पॅलेडियम दाखवलं. नखाच्या टोकावरही दिसणार नाही इतकं, पण कामापुरतं. गुरूंच्या प्रयोगशाळेत पॅलेडियम रोजचंच. ते ओरखड्यांत जाऊन बसलं होतं आणि पंचवीस वर्षं थोडंथोडं झिजत सरांच्या लोखंडाचं काम करत होतं. दरवर्षी प्रयोगातून मिळणारं उत्पादन घटत का गेलं, तेही आता उलगडलं. सर त्याचं खापर पोरांच्या हातांवर फोडत आले होते.

आणि मग त्यांना वहीवाली आठवली.

सगळं वहीत टिपायची म्हणून तिचं हे नाव. सरांच्या हाताखाली पीएचडीला आलेली ही एकटीच मुलगी, जिने ती बीड वापरायला नकार दिला. "सर, शुभ-अशुभ मी वहीत कोणत्या रकान्यात लिहू?" असं तिने विचारलं होतं. तिचा प्रयोग एकदाही झाला नाही. शेवटी एका सकाळी सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला हातच नाहीत. तू केमिस्ट्री सोड." पुढच्या आठवड्यात तिने सोडली.

तिची वही खालच्या कप्प्यात होती. सरांनी ती आज पहिल्यांदा उघडली. सतरा प्रयोग, सतरा तारखा, आणि प्रत्येक पानावर तारखेखालच्याच ओळीत: नवी बीड, पाकिटातून.

निबंध छापलेल्या मासिकाच्या संपादकांना चुकीची कबुली लिहायला सरांना अर्धा तास पुरला. खरं संकट पुढेच होतं. हे तिला कोण सांगणार? सांगायला दुसरं होतंच कोण? गुरुवारी त्यांनी कार्यालयातल्या जुन्या कारकुनाला विचारलं.

"ती? दात बनवते की! माझी कवळी तिच्याच हातची," असं म्हणून कारकुनाने सगळे दात दाखवले.

तिची कार्यशाळा एका दवाखान्यामागे होती. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं आणि ती बारीक सुरीने मेणातून एक दाढ कोरत होती. केस पिकले होते. सरांना तिने लगेच ओळखलं, पण दाढ पुरी होईपर्यंत सुरी खाली ठेवली नाही.

"बसा, सर."

सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बीड, यंत्र, पॅलेडियम. घरून पाठ करून आणलेली वाक्यं वाटेतच विसरली होती. "तुझे सतराही प्रयोग बरोबर होते," ते म्हणाले. "चूक माझी होती. तुला बोललो तेही चूक." आणि त्यांनी वही आणि संपादकांना लिहिलेलं पत्र पुढे केलं.

तिने पत्र वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "'एका विद्यार्थिनीला हे तेव्हाच आढळलं होतं.' एका?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली आणि वर तिचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. कागद सरकू नये म्हणून तिने दोन बोटांनी तो दाबून धरला.

"तुम्ही एकदाही माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिला नाहीत, सर," ती म्हणाली. "एकदा बघितलं असतंत, तर तेव्हाच कळलं असतं."

सरांनी पेनचं टोपण लावलं. मग विचारलं, "अजून राग आहे?"

"छे. राग कधीच गेला." तिने वही उघडली, पहिल्या पानावरचं आपलंच अक्षर बघितलं आणि मिटली. "पण मला ते काम फार आवडायचं हो, सर."