मिशीवाल्या बाळाचं बारसं

मलायात पलटण माघार घेताना एका नदीवर आमची फाटाफूट झाली. मी जपान्यांच्या कैदेत सापडलो. माझा जोडीदार, आमच्याच गावचा, मला पुन्हा दिसला नाही. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं एकाच दिवशी दोन तारा आल्या. दोघंही बेपत्ता.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आमच्याकडं रीत. माझ्या बापाला तेवढा दम नव्हता. पोरगं तिकडं पाण्यावाचून भटकत असंल म्हणून त्यानं तीन वर्षांतच दर्भाचा पुतळा जाळला आणि माझे दिवस घातले. बायकोनं कुंकू पुसलं नाही. त्याला म्हणाली, "पुतळा तुमचा व्हता मामंजी. नवरा माझा हाय."

लढाई संपली आणि मी चालत दारात उभा. आई रडली. बाप म्हणाला, "उंबऱ्याभाईर थांब." भटजीला बोलावलं. दिवस घातलेला माणूस आला तर त्यानं नव्यानं जन्मायचं. आधी बारसं, मग आपल्याच बायकोशी परत लगीन.

बारसं अंगणात झालं. पाळण्यात मी मावतोय कुठं? एक पाय आत सोडून बसलो. आत्यानं कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती माझ्यावरच आदळली. गाव हसून हसून लोळलं. मी आपला घुगऱ्या खात होतो. चार वर्षांत पोटभर असं तेच.

लग्नाला मात्र बायको उभी राहीना.

मी म्हणालो, "ऱ्हा की उभी. अक्षता पडल्या की सुटलो."

"तुमी सुटाल. तिचं काय?" तिनं शेजारच्या दाराकडं बोट केलं. तिथं जोडीदाराची बायको कुंकू लावून उभी होती. "आज मी उभी ऱ्हायले तर बेपत्ता म्हंजी मेला, ह्ये मी कबूल केलं. उद्या तिची सासू तिच्या बांगड्या फोडंल."

बाप म्हणाला, "मग ह्येला घरात घेऊ कसा?"

"असा," म्हणून तिनं माझं मनगट धरलं आणि ओढत आत नेलं. भटजी म्हणाला, "आता जेवाय तरी वाढा."

जोडीदार आला नाही. त्याच्या बायकोनं कुंकू कधी उतरवलं नाही. दोघींचं लय जमायचं. म्हातारपणीसुद्धा मला बाळ म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या.

यंदा बायको गेली. माझ्या आधी गेली म्हणून मी तिला शिव्या देत बसलो होतो. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची ओटी सवाष्णीनंच भरायची असते. जोडीदाराची बायको खण-नारळ घेऊन आली, तशी भावकीतली एक बाई कुजबुजली, "हिच्या हातनं कशी चालंल?"

मी म्हणालो, "तू सरक बाजूला. हिच्याच हातनं."

तिनं ओटी भरली. बायकोच्या कपाळावरचं कुंकू जरा वाकडं झालं होतं, ते बोटानं नीट केलं.