चार केल्व्हिनवरचे साडू

बदलापुरात राहून थंडीपायी आयुष्य झिजवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. थंडी म्हणजे स्वेटर-मफलरची नव्हे, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांची, त्यांच्या भाषेत चार केल्व्हिनची! साडू उल्हासनगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि उरलेल्या वेळात केसाएवढ्या बारीक निळ्या स्फटिकातून वीज कशी वाहते यावर पीएच.डी. करत. मी अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअरला चिकटलो तेव्हा ती सुरू झाली होती, आणि मी स्टोअरचा हेड झालो तरी चालूच होती. विषय विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला ते समोर बसवून घेत. "हे बघा, एवढ्या थंडीत इलेक्ट्रॉन एकेकटे हिंडत नाहीत, त्यांची मिळून एक लाट होते. ती स्फटिकातल्या भेसळीला अडकून बसते. विजेचा थोडा दाब द्या, ढिम्म हलत नाही. पण ठरावीक दाबाच्या वर गेलात की अख्खी लाट एकदम सरकते!" 'सरकते' म्हणताना ते स्वतः खुर्चीसकट पुढे सरकत आणि ऐकणाऱ्याचा चहा सांडे.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे हाच काढा. बदलापुरातल्याच खरवईच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून तीन वर्षं मीटिंगा चालल्या होत्या. चर्चा व्हायची, चहा व्हायचा, टाकी काही व्हायची नाही. एकदा साडू उभे राहून म्हणाले, "सभासद म्हणजे लाट, आणि सेक्रेटरी ही भेसळ." सेक्रेटरी खवळले. साडूंनी समजूत काढली, "वाईट वाटून घेऊ नका, भेसळ नसती तर या विषयात काही मजाच नव्हती." साडूंच्या निषेधाचा ठराव मात्र त्याच मीटिंगला एकमताने पास झाला.

त्या थंडीसाठी लागणारं द्रव हेलियम मुंबईच्या एका प्रयोगशाळेत वर्षातून दोनच दिवस त्यांच्या वाट्याला येई. त्यांच्या धाकट्या मुलीच्या नामकरणाला बुद्धवंदना संपते न संपते तोच शेजारच्यांकडे प्रयोगशाळेच्या निरोपाचा फोन आला आणि साडूंनी पायात चपला सरकवल्या. सासूबाई दारात आडव्या आल्या. "अहो जावई, लेकराचं नाव तरी ऐकून जा!"

"आई, लेकरू उद्याही असेल. हेलियम उडून जातं."

हसत होतो आम्ही सगळे, पण बदलापूर गावातली त्यांची अख्खी वस्ती या पीएच.डी.कडे डोळे लावून बसली होती. त्यांच्या वडिलांना सहीसुद्धा करता येत नव्हती आणि वस्तीतला पहिला डॉक्टर त्यांचा मुलगा होणार होता. शेवटी एका वर्षी लाटेची ती उडी सापडली. ठरावीक दाबाला वीज एकदम वाढली! दाब देणारं यंत्र उल्हासनगर कॅम्प पाचच्या एका सिंधी मित्राने हाताने बनवून दिलं होतं. "साईं, फॉरेन का भी बाप है ये!" असं तो म्हणे. प्रबंध टाइप झाला, आठवड्याने द्यायचा होता. त्या रविवारी साडू मला कौतुकाने कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन गेले. साधी वस्तू किती सरळ वागते ते आधी दाखवावं म्हणून त्यांनी स्फटिकाच्या जागी चार आण्यांचा साधा रेझिस्टर लावला आणि मित्राच्या त्याच यंत्राचं बटण फिरवलं. स्फटिकाला उडाला होता नेमक्या त्याच खुणेवर मीटरचा काटा उडाला. त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा उडाला. असं सात-आठ वेळा झालं.

"ही लाट नाही, साडू," ते म्हणाले. "हे बटण आहे."

मी म्हटलं, "टाइप झालंय ना? देऊन टाका. कोण बघायला बसलंय?"

ते रागावले नाहीत. "एवढी वर्षं ती सरकायची वाट बघितली. नाही सरकली तर नाही म्हणून सांगेन. सरकली म्हणून कसं सांगू?"

प्रबंध दिला गेला नाही. त्याच वर्षी त्यांचे गाइड रिटायर झाले आणि हेलियमही बंद झालं. माझा तो सल्ला आठवला की मला आजही लाज वाटते.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत मी त्यांच्या नावाआधी मुद्दाम 'डॉ.' छापलं. वाटलं, माणूस सुखावेल. साडू मंडपात लवकर आले, मुलीला आशीर्वाद दिला आणि खिशातलं पेन काढून पाहुण्यांकडे एकेक पत्रिका मागू लागले. पंगती उठेपर्यंत ते ती दोन अक्षरं खोडत फिरत होते. माझ्यापाशी आले तेव्हा पत्रिका माझ्या कोटाच्या खिशात होती. मी म्हटलं, "कुठेतरी पडली हो माझी."

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती पत्रिका मी कपाटात जपून ठेवली आहे. तिच्यावर ते अजून डॉक्टर आहेत.