दोन हातोड्यांचा सांधा

मन्मथ मिस्त्रीला न सुटलेला सांधा उदगिरात नव्हता, असं लोक म्हणत. ते अर्धंच खरं होतं, कारण ते काम दोन हातांचं नव्हतं, चार हातांचं होतं. मोटारीच्या स्टिअरिंगच्या सांध्याची निमुळती खिळी लोखंडी कड्याच्या डोळ्यात वर्षानुवर्षं रुतून बसते. मन्मथ एका अंगानं आणि त्याचा जोडीदार ग्यानोबा बरोबर समोरून, एकाच क्षणी त्या डोळ्यावर हातोडा घालत. खिळीला धक्का लावायचा नाही. दोन घावांचा आवाज एकच निघाला, की डोळा दचकल्यागत सैल होई आणि खिळी आपसूक खाली येई. अठरा वर्षं दोघं हे न मोजता करत आले.

लातूर जिल्हा झाला आणि तीन वर्षांत सरकारी जीपा, सुट्या भागांची दुकानं, सगळं तिकडं सरकलं. त्यात पाऊस दोन सालं फिरकला नाही. दिवाळीनंतर ग्यानोबा लातूरच्या एका गॅरेजात लागला. मन्मथ हटला नाही. "दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरणार न्हाई," एवढंच बायकोला, महानंदाला म्हणाला.

आज महानंदा डबा घेऊन आली, तर हणमंतरावांची ॲम्बॅसिडर तिसऱ्या दिवशीही, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावरच होती. त्यांच्या भाड्यानं फिरणाऱ्या दोन गाड्या, एवढंच काम आता मन्मथकडं उरलं होतं. त्या गेल्या की दुकान गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोन्ही बाजूंचे सांधे झिजलेले, बदलायलाच हवेत. रॉकेल पाजून झालं होतं. एकट्यानं मारून मन्मथचा खांदा भरून आला होता.

"संध्याकाळपर्यंत वाट बघतो, मन्मथअप्पा," हणमंतराव बाजेवरून म्हणाले. "न्हाईतर लातूरला ओढून न्यावी लागंल."

महानंदानं डबा ठेवला, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली. "द्या तो हातोडा."

"तुला जमायचं न्हाई."

"अठरा वर्षं डबा घेऊन इथंच बसले. तुमचा दम कधी सुटतो अन् हात कधी पडतो, ते ग्यानोबा भाऊजींइतकंच ठाऊक हाय मला."

तिला धीर यावा म्हणून मन्मथनं सोपी, उजवी बाजू आधी घेतली. पहिले घाव मागंपुढं पडले. मग ती हातोड्याकडं बघायचं सोडून त्याच्या छातीकडं बघू लागली. टण्. एकच आवाज. खिळी खाली आली. महानंदा खुदकन हसली.

"वैनी, लातूरवाले तुम्हाला पगार देऊन नेतील!" हणमंतराव वरून ओरडले.

डावी बाजू हलली नाही. ऊन कलेपर्यंत दोघं मारत राहिले. तिच्या तळव्यांना फोड आले, हातोडा उशिरा पडू लागला. एका आवाजाचे दोन झाले, टण्‌टण्, टण्‌टण्. हात ताजे असताना अवघड बाजूच आधी घ्यायला हवी होती, हे दोघांनाही कळलं.

"गॅस लावून लाल करा की," हणमंतराव म्हणाले. "तिकडं लातूरला पाव तासात काढतात."

"लाल केलं की लोखंडाची ताकद जाते. वळणावर मोडलं तर आतली माणसं जातील. माझ्या खड्ड्यावर न्हाई."

"तीन दिवस थांबलो, अप्पा. अजून काय करू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण ओढून न्यायची तरी गाडीची चाकं वळायला हवीत. म्हणून सोडवलेला उजवा सांधा पुन्हा जागेवर बसवावा लागला. महानंदानं नट दिला, मन्मथनं आवळला आणि नवी पिन घालून तिची टोकं नीट वाकवली. मग हणमंतरावांनी बोलावलेल्या जीपला दोर बांधून गाडी लातूरच्या रस्त्यानं धुरळ्यात गेली.

पाणी नव्हतंच, तेव्हा दोघांनी वाळूनं हात चोळले.

"ग्यानोबाला चिठ्ठी लिही," मन्मथ म्हणाला.

तिनं वहीचं मागचं पान फाडलं. फोडांमुळं पेन्सिल धरवत नव्हती. "काय लिहू?"

"तिकडंच कामाला येतो म्हणावं." त्यानं दोन्ही हातोडे पोत्यात गुंडाळले. "अन् विचार, तिथं गॅसशिवाय..." तो थांबला. "राहू दे. तेवढं नको लिहू."

'गॅसशिवाय' तिचं लिहून झालं होतं. तिनं त्या शब्दावर काट मारली आणि कागदाची घडी घातली.