ओव्याची धुरी, दिल्लीत

गोंदियाच्या स्टेशनवर गाडी हलली तरी माय खिडकीसंग चालूनच राहिली होती. रडणं-बिडणं काही नाही, हातात ओव्याची पुडी! "खोकला झाला का धुरी घेजो वं बाई, गोळ्या खात नको बसू!" मागून बाबा ओरडले, "अवं सोड आता, दिल्लीले ओवा नाही भेटत का?" मी हसून राहिली होती. मग तिरोडा येईपर्यंत डोळे पुसत बसली.

माह्या गावच्या कामठ्यावाल्यांनो, आन माह्यासारखे रायपूर, सुरत, दुबईले गेलेल्यांनो, तुमच्यासाठीच लिहून राहिली.

दिल्ली मस्त आहे, खरंच! मेट्रो, ऑफिसची कॅब, सगळं. पण दिवाळी आली का हवा अशी होते का भर दुपारी सूर्याकडे टकटक पाहाता येते. गल्लीतल्या पोरांची शाळा बंद, घरीच मोबाईलवर शिकतात. लोक उठल्या उठल्या पहिले हवेचा आकडा पाहातात.

मलेही खोकला लागला. आपल्याकडे लहान असो का म्हातारा, खोकल्याले धुरी! मग काय, खिडकी लावली, नारळाची शेंडी पेटवली, वरून ओवा, डोक्यावर ओढणी. रूममेटचं हवा साफ करायचं मशीन लाल होऊन बोंबलाले लागलं. ती धावत आली, "पागल है क्या? धुएँ का इलाज धुआँ?" मी हसाले लागली, आन हसता हसता श्वासच येईना. तिनंच मले रिक्षात टाकून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं नळीत फुंकाले लावलं. दमा. मग इचारलं, "घर में चूल्हा जलता है? माँ को खाँसी है?"

माय तर चुलीपाशी खोकतच राहाते! आमच्यासाठी तो घरातलाच आवाज, म्हशीच्या घंटीसारखा. गॅस आहे, पण तो पाहुण्यांच्या चहाले. धान उकळणं, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर.

तवापासून फोनवर रोज भांडण. "माय, छाती तपासून घे न!"

"मले काय धाड भरली? तूच ये तिकडून. टीव्हीवर पाहातो न आम्ही."

आता तिले खोकला आला का म्हणते, "घे, बाबासंग बोल." मले आला का मी म्यूट दाबते. मग दोघीही ठणठणीत!

पहिले मी इथं सगळ्यांना सांगत फिरे, आमच्याकडची हवा पाहा म्हणून. आता तिकडंही हार्वेस्टर येऊन गेलं का लोक धानाच्या बांधीत उरलेलं तणस पेटवतात. हवेसाठी परत जावं, तर ती कुठं राहिली? इथं खिडकी लावून एकटी बसली का मले हवा नाही, मायचा खोकला आठवते.

काल बाबा हळूच बोलले, "तू आली तर येतो म्हणते तुही माय डॉक्टरकडं." मी लगेच तिकीट काढलं.

आता घर म्हणजे मले एवढंच दिसते: गोंदियातल्या दवाखान्याचं बाकडं, बाजूले माय, आन दोघी खोकून राहिलो, एकमेकींच्या तोंडासमोर.